तांबेरा-प्रतिकारक गहू आणि दाण्याची प्रत : पैदासशास्त्रापुढील दुहेरी कसोटी

भारताच्या अन्नसुरक्षेत तांदळाच्या खालोखाल गव्हाचे स्थान आहे. १९६४-६५ मध्ये देशातील गव्हाचे उत्पादन सुमारे १२३ लाख टन होते. २०२३-२४ मध्ये ते ११३२ लाख टनांवर पोहोचले. या वाढीचा विचार करताना बुटक्या जाती, सिंचन आणि रासायनिक खते या तीन घटकांचा उल्लेख हमखास होतो. वाढलेले उत्पादन टिकवून धरणारा चौथा घटक म्हणजे पिकाची रोगप्रतिकारक्षमता. तिच्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी जाते.

रोगप्रतिकारक वाण निर्माण झाला म्हणजे काम संपले असेही नाही. नवे बियाणे घेताना शेतकरी तीन प्रश्न विचारतो : उतारा किती येईल, रोग पडेल का आणि बाजारात भाव काय मिळेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दाण्याच्या प्रतीवर अवलंबून असते. ज्या गव्हाची पोळी वातड होते, तो रोगाला कितीही दाद न देणारा असला तरी शेतात टिकत नाही. शेतकरी जुन्या, चवीला चांगल्या पण रोगाला बळी पडणाऱ्या जातीकडे परततो आणि त्या क्षेत्रावर रोगाला पुन्हा आश्रय मिळतो. म्हणून प्रतिकारक्षमता आणि प्रत यांची सांगड हा रोगनियंत्रणाचाच एक भाग ठरतो.

तांबेरा : स्वरूप आणि प्रसार

गव्हावर तीन प्रकारचे तांबेरे पडतात आणि तिन्ही पक्सिनिया या बुरशीच्या वेगवेगळ्या जातींमुळे होतात. खोडावरील काळा तांबेरा पक्सिनिया ग्रामिनिसमुळे, पानांवरील तपकिरी तांबेरा पक्सिनिया ट्रिटिसिनामुळे, तर पानांवर पट्ट्यांच्या रूपात दिसणारा पिवळा तांबेरा पक्सिनिया स्ट्रायफॉर्मिसमुळे होतो. पिवळ्या तांबेऱ्याला थंड हवामान मानवते. त्यामुळे पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश व जम्मू या भागांत त्याचा धोका अधिक असतो. उष्ण हवामानाच्या मध्य व द्वीपकल्पीय भारतात काळा आणि तपकिरी तांबेरा हेच मुख्य शत्रू आहेत.

भारतातील तांबेऱ्याच्या जीवनचक्राचा उलगडा करण्याचे श्रेय आग्रा येथील शास्त्रज्ञ डॉ. करमचंद मेहता यांना जाते. मैदानी प्रदेशातील कडक उन्हाळ्यात या बुरशीचे बीजाणू जगू शकत नाहीत. ते उत्तरेस हिमालयात आणि दक्षिणेस निलगिरी व पलनी डोंगरांत तग धरतात आणि हंगाम सुरू झाल्यावर वाऱ्याबरोबर मैदानात पसरतात, हे त्यांनी दाखवून दिले. युरोप व अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याच्या प्रसारात बार्बेरी या झुडपाचा मोठा वाटा असतो. भारतात तसे घडत नाही, हा त्यांच्या संशोधनाचा दुसरा महत्त्वाचा निष्कर्ष होय. सिमल्याजवळील फ्लॉवरडेल येथील केंद्रात आजही देशभरातून आलेल्या तांबेऱ्याच्या नमुन्यांचे प्रभेद ओळखण्याचे काम चालते.

तांबेऱ्यामुळे केवळ उतारा घटतो असे नाही. बुरशी पानातील हरितद्रव्य नष्ट करते, दाणा भरण्याच्या काळात अन्नरसाचा पुरवठा तोडते आणि दाणे सुरकुतलेले, हलके राहतात. त्यांचे हेक्टोलिटर वजन कमी भरते आणि दळल्यावर मैदा व रव्याचा उतारा घटतो. कर्नाल काणी या रोगात तर प्रतीची हानी अधिक थेट असते. १९३१ मध्ये कर्नाल येथे प्रथम नोंदल्या गेलेल्या या रोगात दाण्यात काळी भुकटी तयार होते आणि ट्रायमिथाइलअमाइन या रसायनामुळे पिठाला माशासारखा वास येतो. रोगप्रतिकारक्षमता ही अशा प्रकारे दाण्याच्या प्रतीची पहिली राखणदार आहे.

दाण्याची प्रत म्हणजे काय?

‘प्रत’ हा एकच गुण नसून अनेक गुणांचा समुच्चय आहे. दाण्याचा आकार, चकाकी व रंग हे गुण बाजारात डोळ्यांनी पारखले जातात. कणखरपणा, हेक्टोलिटर वजन, प्रथिनांचे प्रमाण, ग्लुटेनची ताकद आणि अवसादन मूल्य हे गुण प्रयोगशाळेत मोजले जातात. लोह व जस्त यांच्या प्रमाणालाही अलीकडे महत्त्व आले आहे.

उपयोगानुसार अपेक्षाही बदलतात. पावासाठी भरपूर प्रथिने आणि ताकदवान ग्लुटेन लागते. बिस्किटासाठी दाणा मऊ आणि ग्लुटेन कमजोर असावे लागते. चपातीला मध्यम ताकदीचे, सहज लाटता येईल असे ग्लुटेन हवे असते आणि पोळी काही तासांनंतरही मऊ राहावी अशी अपेक्षा असते. चपातीच्या प्रतीचा मानदंड म्हणून १९६० च्या दशकातील ‘सी ३०६’ या उंच वाढणाऱ्या जातीचा दाखला आजही दिला जातो. तिचा उतारा मात्र कमी आहे आणि ती तांबेऱ्याला बळी पडते. शेवया, रवा आणि पास्ता यांसाठी बन्सी गव्हाचा कणखर, पिवळसर दाणा पसंत केला जातो.

ग्राहकाची पसंती किती निर्णायक ठरते, याचे एक उदाहरण हरितक्रांतीच्या आरंभीच मिळते. मेक्सिकोतून आलेल्या ‘सोनोरा ६४’ चा दाणा तांबडा होता आणि भारतीय ग्राहकाला सोनेरी दाणा हवा होता. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या गटाने किरणोत्साराच्या साहाय्याने उत्परिवर्तन घडवून ‘शरबती सोनोरा’ हा सोनेरी दाण्याचा वाण १९६७ मध्ये दिला. त्याच सुमारास प्रसारित झालेल्या ‘कल्याणसोना’ व ‘सोनालिका’ या सोनेरी दाण्याच्या जाती तर देशभर पसरल्या.

प्रतिकारक्षमतेचा आनुवंशिक पाया

रोगप्रतिकारक्षमता मेंडेलच्या नियमांनुसार पुढील पिढीत उतरते, हे केंब्रिज येथील रोलंड बिफन यांनी पिवळ्या तांबेऱ्याच्या अभ्यासातून १९०५ मध्ये दाखविले. याच बिफन यांनी पुढे उतारा व पावाची प्रत यांचा मेळ घालणारा ‘योमन’ हा वाण दिला. म्हणजे प्रतिकारक्षमता आणि प्रत हे दोन्ही विषय गहू-पैदासीच्या शास्त्रात आरंभापासून एकत्र नांदत आले आहेत. भारतातही बिहारमधील पुसा येथे अल्बर्ट व गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने ‘पुसा ४’ सारख्या जाती निवडताना दाण्याच्या प्रतीला प्राधान्य दिले. त्यानंतर डॉ. बी. पी. पाल यांनी तांबेरा-प्रतिकारकतेचा पद्धतशीर कार्यक्रम हाती घेतला. त्यातून तिन्ही तांबेऱ्यांना प्रतिकार करणारा ‘एन. पी. ८०९’ हा वाण १९५० च्या दशकात निर्माण झाला.

प्रतिकारक जनुकांना त्या त्या रोगानुसार संक्षिप्त नावे दिली जातात. तपकिरी तांबेऱ्यासाठी ‘एलआर’, काळ्यासाठी ‘एसआर’ आणि पिवळ्यासाठी ‘वायआर’ अशी ही पद्धत आहे. स्थूलमानाने प्रतिकारक्षमता दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात एकच प्रभावी जनुक रोगाला संपूर्ण अटकाव करते. परंतु बुरशीचा नवा प्रभेद आला की ते एकाएकी निष्प्रभ होऊ शकते. दुसऱ्या प्रकारात रोग पडतो, पण संथपणे वाढतो. ‘एलआर ३४’, ‘एलआर ४६’ व ‘एलआर ६७’ ही या प्रकारची जनुके होत. त्यांपैकी प्रत्येकाचा परिणाम मर्यादित असतो. अशी तीन-चार जनुके एकत्र आणल्यास मात्र दीर्घकाळ टिकणारे संरक्षण मिळते.

संघर्ष कोठे निर्माण होतो?

गव्हाच्या स्वतःच्या जनुकसंपदेत प्रतिकारक्षमता पुरेशी नसते. म्हणून राय हे धान्य, एजिलॉप्स व ॲग्रोपायरॉन यांसारखी रानगवते अशा दूरच्या आप्तांकडून जनुके घ्यावी लागतात. अडचण अशी की जनुक एकटे येत नाही. त्याच्यासोबत परक्या गुणसूत्राचा एक तुकडाच येतो आणि त्या तुकड्यावर अनिष्ट गुणांची जनुकेही असू शकतात. यास सहलग्नतेमुळे येणारे ओझे म्हणता येईल.

मूळ जातीशी वारंवार संकर करून हे ओझे कमी करता येते. सहा वेळा असा संकर केल्यास मूळ जातीचे सरासरी ९९.२ टक्के जनुकद्रव्य परत मिळते. तरीही निवडलेल्या जनुकाला खेटून असलेला भाग सहजासहजी सुटत नाही. परका तुकडा गव्हाच्या गुणसूत्राशी अदलाबदल करण्यास बहुधा राजी नसतो. पुढील तीन उदाहरणांतून ही गोष्ट स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण ‘एलआर २४’ व ‘एसआर २४’ या जोडीचे. ॲग्रोपायरॉनमधून आलेली ही जनुके ‘एजंट’ या अमेरिकी जातीत तांबड्या दाण्याच्या जनुकाशी निगडित होती. भारतासारख्या सोनेरी दाण्याच्या बाजारपेठेत ती तशीच वापरणे शक्य नव्हते. पुढे हे नाते तुटलेले, पांढऱ्या दाण्याचे वाण ऑस्ट्रेलियात विकसित झाले. त्यांचा उपयोग करून निलगिरीतील वेलिंग्टन येथील केंद्रात ही जनुके भारतीय जातींत आणली गेली.

दुसरे उदाहरण ‘एलआर १९’ चे. तपकिरी तांबेऱ्याविरुद्ध अत्यंत प्रभावी असलेले हे जनुक पिठाला पिवळी छटा देणाऱ्या जनुकाशी जखडलेले होते. पांढऱ्याशुभ्र मैद्याची अपेक्षा करणाऱ्या पाव-उद्योगाने त्यास नकार दिला. ही छटा नसलेले उत्परिवर्तित प्रकार मिळाल्यावरच त्याचा मार्ग मोकळा झाला. पास्ता व शेवयांच्या बन्सी गव्हात मात्र हीच पिवळी छटा गुण ठरते. एकच जनुकखंड एका उपयोगासाठी दोष तर दुसऱ्यासाठी वरदान ठरू शकतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे उदाहरण राय या धान्याचे आहे. गव्हाच्या ‘१-बी’ गुणसूत्राची आखूड भुजा जाऊन तेथे रायच्या पहिल्या गुणसूत्राची आखूड भुजा आली. ‘कावकाझ’ या सोव्हिएत जातीकडून आलेला हा बदल मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राच्या ‘व्हीरी’ वाणांमार्फत जगभर पसरला. या एका भुजेवर ‘एसआर ३१’, ‘एलआर २६’, ‘वायआर ९’ आणि भुरी रोगाविरुद्धचे ‘पीएम ८’ अशी चार प्रतिकारक जनुके होती आणि उताराही वाढत होता. परंतु गव्हाची जी भुजा गेली, तिच्यावर ग्लुटेनच्या बांधणीस आवश्यक असणाऱ्या काही प्रथिनांची जनुके होती. त्यांची जागा रायच्या सेकॅलिन प्रथिनांनी घेतली. परिणामी कणीक चिकट होऊ लागली आणि यंत्रावर मळताना तिची ताकद कमी पडू लागली. पाव-उद्योगाला हा दोष विशेष जाणवला. यावर उपाय म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठातील ॲडम लुकाशेव्हस्की यांनी २००० च्या सुमारास ही भुजा नव्याने घडविली. सेकॅलिनची जनुके काढून गव्हाची मूळ जनुके परत बसविलेले वाण त्यांनी तयार केले.

‘पीबीडब्ल्यू ३४३’ आणि युगांडा ९९ : एक धडा

भारतात राय-भुजा असलेल्या जातींपैकी सर्वाधिक गाजलेली जात म्हणजे १९९५ मध्ये प्रसारित झालेली ‘पीबीडब्ल्यू ३४३’. पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेशातील फार मोठ्या क्षेत्रावर ती पेरली जाऊ लागली. एकाच जातीखाली असे विस्तीर्ण क्षेत्र असणे ही बुरशीला मिळालेली संधीच होती. या जातीतील ‘वायआर २७’ जनुकावर मात करणारा पिवळ्या तांबेऱ्याचा प्रभेद आला आणि २००० च्या दशकात ती रोगाला बळी पडू लागली.

याच काळात दुसरे संकट आफ्रिकेतून पुढे येत होते. १९९८ मध्ये युगांडात आढळलेल्या आणि ‘युगांडा ९९’ या नावाने ओळखल्या गेलेल्या काळ्या तांबेऱ्याच्या प्रभेदाने ‘एसआर ३१’ या जनुकालाच निष्प्रभ केले. पुढे तो येमेन व इराणपर्यंत पोहोचला. डॉ. नॉर्मन बोरलॉग यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये जागतिक पातळीवर तांबेराविरोधी मोहीम सुरू झाली आणि भारतीय वाणांची केनियातील न्जोरो येथे आगाऊ चाचणी घेतली जाऊ लागली. पाव-उद्योगाच्या नाराजीची किंमत मोजून ज्या जनुकावर जगाने विसंबून राहायचे, तेच एका प्रभेदाने नाकाम करावे, हा या घटनाक्रमाचा बोध आहे. एकाच जनुकावर भिस्त ठेवणे रोगनियंत्रणाच्या आणि प्रतीच्या, दोन्ही दृष्टींनी महागात पडते.

सांगड घालण्याचे मार्ग

यातून पैदासशास्त्राने काही मार्ग शोधले आहेत.

(१) प्रतीची चाचणी लवकर : पूर्वी प्रतीची तपासणी अखेरच्या टप्प्यात होत असे. तोपर्यंत चांगल्या प्रतीचे अनेक वाण निवडीतून गळून गेलेले असत. आता थोडेसेच बियाणे लागणाऱ्या अवसादन चाचणीमुळे आरंभीच्या पिढ्यांतच ग्लुटेनच्या ताकदीचा अंदाज येतो. १९६५ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात प्रत्येक वाणाची उतारा, रोग आणि प्रत अशा तिन्ही अंगांनी पारख होते. कर्नाल येथील भारतीय गहू व जव संशोधन संस्था या कामाचे समन्वयन करते.

(२) वर्षाला दोन पिढ्या : वेलिंग्टन व लाहौल खोऱ्यातील दलंग मैदान येथे उन्हाळ्यातही गहू घेता येतो. त्यामुळे वाण तयार होण्याचा कालावधी घटतो. वेलिंग्टनला तांबेरा नैसर्गिकरीत्या वर्षभर असल्याने निवडही काटेकोर होते.

(३) रेणवीय चिन्हके : चिन्हकांच्या साहाय्याने रोपावस्थेतच जनुकाची उपस्थिती ओळखता येते आणि परका तुकडा जास्तीत जास्त छाटलेली रोपे निवडता येतात. लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठाने याच पद्धतीने ‘पीबीडब्ल्यू ३४३’ मध्ये एजिलॉप्सकडून आलेली प्रतिकारक जनुके घालून २०१७ मध्ये ‘उन्नत पीबीडब्ल्यू ३४३’ हा वाण दिला. याच विद्यापीठाचा ‘पीबीडब्ल्यू १ चपाती’ हा वाण पोळीची प्रत डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेला आहे.

(४) संथ तांबेरा : या प्रकारची जनुके गव्हाच्या स्वतःच्या जुन्या जातींतही सापडतात, त्यामुळे परक्या तुकड्याचे ओझे टळते. माळव्यातील उत्तम दाण्यासाठी नावाजलेल्या ‘सुजाता’ या जातीत ‘एलआर ४६’ व ‘एलआर ६७’ ही दोन्ही जनुके आढळली आहेत. चांगली प्रत आणि टिकाऊ प्रतिकार एकाच ताटात नांदू शकतात, याचा हा देशी पुरावा आहे.

(५) अनुकूल सहलग्नता : सहलग्नता नेहमीच वैरी नसते. रानटी एमर गव्हातील ‘जीपीसी-बी १’ हे जनुक दाण्यातील प्रथिने, लोह व जस्त वाढविते आणि त्याच्या अगदी शेजारी पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धचे ‘वायआर ३६’ हे जनुक असते. येथे प्रत आणि प्रतिकार एकाच तुकड्यावर मिळतात. मात्र या जनुकामुळे पीक लवकर पिवळे पडते आणि काही परिस्थितींत दाण्याचे वजन घटते, ही मर्यादाही ध्यानात ठेवावी.

या प्रयत्नांचे फलित अलीकडच्या वाणांत दिसते. २०१९ मध्ये प्रसारित झालेला ‘एचडी ३२२६’ (पुसा यशस्वी) तिन्ही तांबेऱ्यांना व कर्नाल काणीला प्रतिकार करतो. त्यात सरासरी १२.८ टक्के प्रथिने असून पावाच्या प्रतीचे ग्लुटेन गुणांकन १० पैकी १० आहे. शेजारच्या बांगलादेशात २०१६ मध्ये गव्हावरील करपा (ब्लास्ट) प्रथमच आढळला. त्यानंतर वर्षभरातच तेथे ‘बारी गोम ३३’ हा करपा-प्रतिकारक आणि जस्तसमृद्ध वाण प्रसारित करण्यात आला.

द्वीपकल्पीय भारत आणि महाराष्ट्र

महाराष्ट्र व कर्नाटकात हिवाळा आखूड असतो आणि दाणा भरताना उष्णता वाढते. त्यामुळे लवकर पक्व होणारे, काळ्या व तपकिरी तांबेऱ्याला प्रतिकारक वाण येथे आवश्यक ठरतात. गुजरातमधील सणोसरा येथील लोकभारती संस्थेची ‘लोक-१’ ही जात टपोऱ्या, चमकदार दाण्यामुळे या भागात दीर्घकाळ लोकप्रिय राहिली. ती तांबेऱ्याला बळी पडते, हे ठाऊक असूनही शेतकऱ्यांनी तिची साथ सोडली नाही. दाण्याची प्रत शेतकऱ्याच्या निवडीवर किती प्रभाव टाकते, हे यावरून दिसते.

महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या निफाड येथील केंद्राने ‘त्र्यंबक’ व ‘तपोवन’ हे सरबती आणि ‘गोदावरी’ हा बन्सी वाण याच भागासाठी दिला. महाबळेश्वर येथील केंद्रात तांबेऱ्याचा अभ्यास होतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कोरडवाहू परिस्थितीसाठी दिलेला ‘एमएसीएस ४०२८’ हा बन्सी वाण सुमारे १०२ दिवसांत तयार होतो आणि तांबेऱ्याला प्रतिकार करतो. त्यात १४.७ टक्के प्रथिने, दर दशलक्ष भागांत ४०.३ भाग जस्त व ४६.१ भाग लोह आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रार्पण केलेल्या आठ पिकांच्या १७ जैवसंपृक्त वाणांत त्याचा समावेश होता.

पुरणपोळी आणि शेवयांसाठी नावाजलेल्या खपली गव्हाचेही या इतिहासात स्थान आहे. ऑस्ट्रेलियातील वॉटरहाऊस यांनी भारतीय खपलीशी संकर करून ‘खपस्टीन’ हा वाण तयार केला. त्यात काळ्या तांबेऱ्याविरुद्धची ‘एसआर १३’ व ‘एसआर १४’ ही जनुके खपलीकडून आली. पारंपरिक जातींचे जतन करणे म्हणजे भावी प्रतिकारक्षमतेचे भांडार राखणे होय.

समारोप

प्रतिकारक्षमता आणि प्रत यांत निसर्गतः वैर नाही. जेथे संघर्ष दिसतो, तेथे त्याचे कारण बहुधा गुणसूत्राच्या तुकड्यावरील शेजार, एकाच जनुकावरील अवलंबन किंवा प्रतीची उशिरा झालेली तपासणी हे असते. ही तिन्ही कारणे दूर करता येण्याजोगी आहेत. मात्र शास्त्राच्या जोडीला धोरणाचीही साथ हवी. एकाच जातीखाली अफाट क्षेत्र जाऊ न देणे, बियाणे बदलाचा वेग वाढविणे, प्रतीनुसार भाव देणारी खरेदी व्यवस्था उभी करणे आणि स्थानिक वाणांचे संवर्धन करणे ही त्याची प्रमुख अंगे आहेत. चांगल्या प्रतीला चांगला भाव मिळाला, तर प्रतिकारक वाण शेतकऱ्याच्या शेतात आपोआप स्थिरावेल आणि तांबेऱ्याला आश्रय देणारे क्षेत्र आक्रसत जाईल.

सरावासाठी प्रश्न

१. भारतातील तांबेऱ्याच्या प्रसारात हिमालय, निलगिरी व पलनी डोंगरांची भूमिका स्पष्ट करा.
२. राय या धान्याच्या गुणसूत्र-भुजेमुळे गव्हाला झालेले लाभ व हानी यांची तुलना करा.
३. ‘एकाच जातीखालील विस्तीर्ण क्षेत्र हा रोगाच्या प्रादुर्भावास पोषक घटक आहे.’ ‘पीबीडब्ल्यू ३४३’ च्या संदर्भात चर्चा करा.
४. जैवसंपृक्तता व रोगप्रतिकारक्षमता यांचा मेळ घालणाऱ्या गव्हाच्या वाणांची उदाहरणे देऊन पोषणसुरक्षेतील त्यांचे महत्त्व विशद करा.